पांढरी पडलेली अंगठी

सोनाराचं बोट मोकळं असणं शोभत नाही. नवरा-नवरी अंगठी बघायला दुकानात येतात, मी त्यांना कुठला धातू घ्यावा, का घ्यावा, हे चांगलं घोळून सांगतो, आणि मग नवरीची नजर माझ्या हातावर येऊन थांबते. काही जणी विचारत नाहीत. ज्या विचारतात त्यांना मी खरं ते सांगतो. माझ्या साखरपुड्याची अंगठी मी माझ्याच हाताने वितळवली.

त्याचं असं झालं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. अमरावतीच्या राजापेठेतलं आमचं दुकान तेव्हा वडील सांभाळत आणि मी मागे भट्टीपाशी बसे. पॉलिशच्या चाकावर काम करताना बोटातली अंगठी काढून ठेवायची, नाहीतर चाक अंगठी धरतं आणि बोटासकट ओढतं, हे वडिलांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. त्याप्रमाणे मी काढली. ती ठेवायची कुठे, हे मात्र शिकवायचं राहिलं होतं. मी समोरच्या वाटीत ठेवली. वाटीत तिवस्याचे शेतकरी गजाननराव यांची मोड होती, म्हणजे आटवायला दिलेलं जुनं, तुटकंफुटकं सोनं. चाकावरचं काम संपवून मी वाटी उचलली आणि तशीच मुशीत रिकामी केली. मूस म्हणजे सोनं वितळवायचं जाड भांडं. त्यात गेलेली वस्तू पुन्हा त्या रूपात बाहेर येत नाही.

आमच्या धंद्यात सोनं आटवताना गिऱ्हाईक समोर बसून असतं. तशी रीतच आहे आणि ती बरी आहे. आटवल्यावर मळ जळतो, डाक, म्हणजे सांध्यातला जोडाचा धातू, जळतो, वजनात थोडी घट येते आणि गिऱ्हाइकाचं तोंडही थोडं उतरतं. त्या दिवशी लगड, म्हणजे ओतलेली सोन्याची कांडी, काट्यावर ठेवली आणि वजन वाढलं. वडील चष्मा काढून पुसू लागले. गजाननरावांनी काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे पाहिलं.

"तुमच्या पोराची अंगठी गेली वाटते आतमधी," ते वडिलांना म्हणाले. "कापून घ्या बाप्पा. माह्या बायकोच्या पाटलीत याचं लगन कायले?"

लगडीतून चण्याएवढा तुकडा कापून घेतला. घरी आल्यावर मी तो बायकोच्या हातावर ठेवला आणि झालं ते सांगितलं. मंदा अकोल्याची, जठारपेठेतली. तिकडच्या बायका बोलायला भीत नाहीत, म्हणून मी तयारीत होतो. पण ती नुसती उठली. देवघरातून कुंकवाची एक रिकामी डबी काढली, तुकडा तिच्यात टाकला आणि झाकण लावलं. नवी घडवतो म्हणालो, तर म्हणाली, घडवाल तेव्हा पाहू. ती डबी अजून तिथंच आहे. अख्ख्या अमरावतीच्या अंगठ्या घडवल्या, घरची एक राहिली.

गजाननराव मात्र त्या दिवसापासून आमचे झाले. घरात काहीही सोन्याचं करायचं असो, तिवस्याहून गाडी धरून थेट दुकानात.

आता दिवाळी अंकासाठी लिहायचं म्हणजे धंद्याचं थोडं सांगायला हवं. लोकांना वाटतं, लग्नाची अंगठी म्हणजे सोनं, त्यात निवडायचं काय? पण हल्ली मोबाइलवर पाहून पोरं-पोरी चार धातूंची नावं घेऊन येतात आणि आईबाप पाचवा धरून बसलेले असतात. मी सगळ्यांना तेच सांगतो. निव्वळ चोवीस कॅरेट सोनं मऊ असतं, दारात बोट सापडलं की अंगठीचा आकार बदलतो. बावीस कॅरेटमध्ये थोडं तांबं-चांदी मिसळलेलं असतं, ते रोजच्या वापराला बरं. खडा बसवायचा असेल, हाताचं काम दांडगं असेल, तर अठरा. पांढरं सोनं म्हणजे दुसऱ्या धातूंची भेसळ करून फिकं केलेलं सोनंच, वर चकाकीचा थर. तो थर झिजला की दोन वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. चांदी स्वस्त, देखणी, पण काळी पडते. आणि प्लॅटिनम जड, पांढरंफेक, चिवट, पण विकायला गेलात तर सोन्यासारखा भाव सांगायला कोणी पुढे येत नाही.

हे सगळं ऐकून घेतल्यावर गिऱ्हाईक म्हणतं, "बरं, मंग ते मोराचं डिझाइन दाखवा."

एकदा एक नवरदेव आला. मापाच्या कड्या बोटात घालून पाहिल्या, नीट बसणारं माप मिळालं, तरी म्हणतो एक नंबर लहान करा. काहून, विचारलं, तर म्हणे लग्नापर्यंत वजन कमी करून राहिलो. मी करून दिली. लग्नात ती करंगळीत होती.

रशीदभाईंची गोष्ट मात्र वेगळी. शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस, जुनी ओळख. मुलीचं लग्न ठरलं, जावयासाठी अंगठी हवी होती. मी सवयीने सोन्याचा ट्रे पुढे केला. ते हसले. "हमारे में मर्द सोना नहीं पहनते भाऊ. चांदी दो. पन ऐसी दो, के सोने को शरम आए." मी आपला ओशाळून, भरपाई म्हणून, पांढरं सोनं काढलं. म्हणालो, ही पाहा, चांदीसारखीच दिसते, काळी पडायची नाही. रशीदभाईंनी अंगठी उलटीपालटी करून बघितली.

"ये सोनाच है ना?"

"आहे सोनंच, पण रंग पांढरा."

"रंग बदलने से चीज थोडी बदलती है," ते म्हणाले आणि अंगठी ट्रेमध्ये परत ठेवली. मग त्यांना चांदीची जाड, साधी अंगठी करून दिली. इतक्या निगुतीने केली, की खरंच शेजारच्या ट्रेमधल्या दोन-चार सोन्याच्या अंगठ्या फिक्या वाटल्या. रशीदभाईंचं ते वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. ते कामाला आलं या वर्षी.

झालं असं, की गजाननरावांच्या वैष्णवीचं लग्न ठरलं. पोरगी फार्मसी शिकलेली, अमरावतीतल्या एका दवाखान्याच्या औषधांच्या काउंटरवर नोकरीला, तिवस्याहून रोज येऊन-जाऊन करणारी. मुलगा नीलेश, अकोल्याचा, शाळेत शिक्षक. हे स्थळ मंदानंच जुळवलं. नीलेशची आई सुमनकाकू म्हणजे मंदाच्या माहेरची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. एकीकडे माझं गिऱ्हाईक, दुसरीकडे बायकोचं माहेर. मी मंदाला म्हणालो होतो, हे चांगलं झालं तर श्रेय तुझं, बिघडलं तर आपण दोघांनी गाव सोडायचं.

साखरपुड्याआधी अंगठी पसंत करायला चौघं दुकानात आली. अकोल्याहून सुमनकाकू आणि नीलेश, तिवस्याहून गजाननराव आणि वैष्णवी. माहेरची माणसं म्हणून मंदाही चहा घेऊन आली. नवरीची अंगठी मुलाकडची, तेव्हा शब्द सुमनकाकूंचा. वैष्णवीचा हात मात्र आपसूक प्लॅटिनमच्या साध्या वळ्याकडे गेला. तिनं ते बोटात घातलं, हात उजेडात धरला. दिवसभर हात धुवावे लागतात, नक्षीची अंगठी नको, असं काहीसं हळूच म्हणाली.

मला अशा वेळी गप्प बसता येत नाही. मी माझं व्याख्यान सुरू केलं. प्लॅटिनम किती जड, किती टिकाऊ. "आमच्या भट्टीत हे वितळतही नाही. सोन्याचं ज्या आचेवर पाणी होतं, त्या आचेवर हे नुसतं लाल होऊन बसून राहतं." वैष्णवी कान देऊन ऐकत होती. मंदाही ऐकत होती, असं आता वाटतं.

सुमनकाकूंनी चहाची बशी खाली ठेवली. "भाऊ, सोनं म्हंजे पिवळं. पांढरी अंगठी घातली तर जठारपेठेतल्या बाया म्हनतीन, सुमननं सुनेले चांदी देली. दहा जनीले मी काय सांगत बसू, हे काय आहे ते?"

त्यांचंही खोटं नव्हतं. नीलेश काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात वैष्णवीच म्हणाली, काकू म्हणतात तीच घेऊ. बावीस कॅरेटची पिवळी, जरा रुंद, कडेला बारीक पानांची नक्षी असलेली अंगठी ठरली. मी खूश. सौदा गोडीत झाला. रात्री जेवताना मंदा म्हणाली, "पोरीनं मन मारलं." मी म्हणालो, तुला काहीतरीच दिसतं.

साखरपुडा तिवस्यात झाला, चांगला झाला. लग्न वैशाखातलं. पत्रिका छापून आल्या. आणि चैत्रात एका दुपारी गजाननराव दुकानात आले, ते नेहमीसारखे रामराम न घालता. रुमालाची गाठ सोडून त्यांनी अंगठी माझ्यापुढे ठेवली.

अंगठी पांढरी पडली होती. खालची बाजू तर चांदीसारखी, कडा करड्या, वर नक्षीत कुठे कुठे पिवळं उरलेलं. मी इतकी वर्षं या धंद्यात, पण घाबरून आधी भिंगच शोधू लागलो. आतल्या बाजूला हॉलमार्कचा शिक्का भिंगातून दिसत होता, म्हणजे अंगठी आपलीच.

"भाऊ, मी तुमाले काई म्हनून नाई राहिलो," गजाननराव म्हणाले. "पन घरी बहीन बोलून राहिली."

बहीण म्हणजे कमलआत्या. भावाच्या घरी राहणाऱ्या, घर हातात असलेल्या. त्यांचं म्हणणं असं, की एक तर सोनारानं फसवलं किंवा अकोल्याच्या लोकांनीच चांदीवर मुलामा चढवून आणला. एवढं म्हणून थांबल्या असत्या तर बरं होतं. त्यांनी थेट सुमनकाकूंना फोन लावून विचारलं, आमच्या पोरीले मुलाम्याची अंगठी कावून घातली? सुमनकाकू काय ऐकून घेतात? त्या म्हणाल्या, तुमच्या पोरीलेच पांढरी पाहिजे होती, तिनंच काई लावलं असन. झालं. दोन बायका, दोन वाक्यं. पत्रिकांचा गठ्ठा तसाच बांधलेला राहिला. अंगठीत असं, तर पुढं कसं, असं दोन्ही घरांत बोललं जाऊ लागलं.

माझा पहिला संशय दुकानातल्या माझ्याच कारागिरावर गेला, हे लिहायला लाज वाटते. मग कडेला कानशीने जरासं खरवडून पाहिलं. खाली पिवळंधमक. रशीदभाई आठवले. रंग बदलला होता, चीज तीच होती. मग डोकं थाऱ्यावर आलं. सोन्याला असं पांढरं करणारी एकच गोष्ट मला ठाऊक होती, पारा. सोनं पारा पितं. पाऱ्याचा थेंब लागला की सोनं त्याला आत ओढून घेतं आणि पांढरं पडतं. जुन्या काळी याच्याच जोरावर मुलामा देत, आजोबांकडून ऐकलं होतं.

आता पारा आला कुठून? इथे मी माझी हुशारी दाखवली. पोरगी दवाखान्यात काम करते, म्हणालो. थर्मामीटर फुटलं असेल. गजाननरावांनी तिथूनच वैष्णवीला फोन लावला. ती म्हणाली, आमच्याकडे सगळी बॅटरीवरची थर्मामीटरं आहेत, पाऱ्याचं एकही नाही. पण माझं बोलणं तोवर तिवस्याला पोचलं आणि तिवस्याहून अकोल्याला. सुमनकाकूंचा मंदाला फोन आला, की दवाखान्यात असलं काई हाताले लागत असन तर लग्नानंतर नोकरी करायची गरजच काय? कमलआत्यांना तर हे पहिल्यापासून वाटतच होतं. म्हणजे मोडायला आलेलं लग्न सावरायला गेलो आणि पोरीची नोकरीही घालवायला निघालो. माझ्या तोंडाला मूस बांधून ठेवावी, असं त्या दिवशी वाटलं.

संध्याकाळी घरी येऊन ओसरीत बसलो. मंदा गव्हाची चाळणी घेऊन बसली होती. मी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. पारा आहे हे नक्की, पण शेतकऱ्याच्या घरात पारा येणार कुठून?

मंदाची चाळणी थांबली.

"मी गहू भरताना बांगड्या-अंगठी काढून देवघरात ठेवते. कावून ठेवते, तुमाले काय वाटते?"

मला इतकी वर्षं वाटत होतं, की धान्याला मान म्हणून. तसं सांगितलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की पुढचं काही विचारायची गरज राहिली नाही. वर्षाचं धान्य कोठीत भरताना कीड लागू नये म्हणून आमच्याकडे पाऱ्याच्या गोळ्या टाकायची चाल आहे. फडक्यात बांधून गव्हात खोल पुरायच्या. आता त्या टाकू नयेत म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात. आमच्या कोठीत त्या दिवसापासून कडुनिंबाचा पाला आहे. पण त्या गोळ्या माझ्या स्वतःच्या घरात, माझ्या जेवणाच्या गव्हात होत्या, आणि मी पारा शोधायला दवाखान्यात गेलो होतो.

मंदानं तिवस्याला फोन लावला. मी म्हणालो, सरळ विचार. तिनं हाताने मला गप्प केलं. आधी आत्यांच्या गुडघ्याची चौकशी झाली. मग यंदाच्या गव्हाची. मग उन्हाची. मग म्हणाली, "गहू भरले का आत्या? गोळ्या टाकल्या?"

टाकल्या होत्या. बाजारातून चांगल्या नव्या आणून, वैष्णवीला हाताशी घेऊन.

"टाकताना तुमी पाटल्या काढल्या असतीन."

"हो मंग. काढाच लागते. पांढऱ्या होते ना."

"आन् वैष्णवीची अंगठी, आत्या?"

फोन स्पीकरवर होता. तिकडून कमलआत्या एवढंच म्हणाल्या, "माय माय माय."

पुढच्या रविवारी सगळे दुकानात. मीच बोलावलं. या वेळी कमलआत्याही आल्या होत्या आणि आल्या आल्या कोपऱ्यातली खुर्ची धरून बसल्या. सुमनकाकू दाराकडे तोंड करून. नीलेश आणि वैष्णवी यांच्यात दोन माणसांची जागा. मंदा चहाचा ट्रे घेऊन उभी. मी कारण सांगितलं, पारा सांगितला, सोन्याला काही झालेलं नाही हेही सांगितलं. सुमनकाकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि वैष्णवीला विचारलं.

"बाकी सारं काढलं होतं ना तू? मंग अंगठीच काहून नाई काढली?"

"आत्यानं बांगड्या काढायले सांगितल्या, त्या काढल्या."

"आन् अंगठी?"

वैष्णवीनं बोटाकडे पाहिलं. त्यावर अंगठीच्या जागी फिकट वळं उमटलं होतं.

"साखरपुड्यापासून काढलीच नोती, काकू. काढावी वाटली नाई."

सुमनकाकू दाराकडून आत वळल्या. जिला पांढरीच हवी होती असा वहीम धरला होता, ती पोरगी त्यांची पिवळी अंगठी धान्यात हात घालतानाही बोटातून काढायला तयार नव्हती. नीलेश खालमानेने म्हणाला, "यापुढे गहू मी भरीन." पहिल्यांदा हसले ते गजाननराव. मग कोपऱ्यातली खुर्चीही हसली.

अंगठी तापवली की पारा उडून जातो, पण तो धूर विषारी असतो. म्हणून मी सगळ्यांना खाली ठेवलं, गच्चीवर गेलो, वाऱ्याकडे पाठ केली आणि लांब चिमट्यात अंगठी धरून बत्तीची ज्योत लावली. पांढरेपणा हळूहळू गेला. खाली मळकट, तपकिरी सोनं उरलं. मग तेजाबातून, म्हणजे ॲसिडमधून, काढलं, चाकावर घासलं. या वेळी माझ्या बोटात काढून ठेवण्यासारखं काही नव्हतं, हे एक बरं. अंगठी पिवळी झाली. खालच्या बाजूला मात्र थोडा खरबरीतपणा राहिला, घामोळ्यासारखा. पारा सोन्याला तेवढं खातोच.

अंगठी वैष्णवीपुढे ठेवून मी प्रामाणिकपणे सांगितलं, की हे पूर्ण जायचं असेल तर वितळवून नवी घडवावी लागेल. सोनं तेवढंच, नक्षी तीच, माप तेच. काही फरक दिसायचा नाही.

तिनं विचारलं, "वितळवली तर ती हीच अंगठी राहीन का?"

आता याला सोनाराचं उत्तर आहे. सोनं तेच, शुद्धता तीच. ते मी द्यायला हवं होतं. पण मी आपल्या मोकळ्या बोटाकडे बघत राहिलो. वैष्णवीची अंगठी काढली नाही म्हणून बिघडली, माझी काढली म्हणून गेली. मागून मंदा म्हणाली, "नाई राहत."

एवढंच. ट्रे खाली ठेवून ती कप गोळा करू लागली. त्या दोन शब्दांत किती वर्षं होती, ते दुकानात फक्त मला कळलं, आणि कदाचित गजाननरावांना, कारण त्यांनी लगेच छताकडे पाहायला सुरुवात केली.

"मंग अशीच द्या," वैष्णवी म्हणाली.

सुमनकाकूंनी अंगठी माझ्या हातून घेतली, खालच्या खरबरीत जागेवरून अंगठा फिरवला आणि नीलेशकडे दिली. घाल म्हणाल्या. साखरपुडा एकदा झाला होता, दुसऱ्यांदा माझ्या दुकानात झाला. मग त्या वैष्णवीला म्हणाल्या, "पांढरी पाहिजे होती तर तवाच बोलाचं होतं ना माय. मले बी माह्या लग्नात कोनं इचारलं नोतं, म्हून मलेही इचारायचं सुचलं नाई." थोडं थांबून पुढे म्हणाल्या, "आन् नोकरी सोडू नोको. अकोल्यातही दवाखाने आहेत. नीलेश तपास करन."

वैष्णवी म्हणाली, "आता मले पिवळीच पाहिजे, काकू."

लग्न तिवस्याला थाटात झालं. पंगतीत कमलआत्या मला शोधत आल्या आणि नको नको म्हणताना ताटात जिलबीचा ढीग घातला. शेजारच्या बायकांना त्या अंगठीची गोष्ट सांगत होत्या. त्यांच्या गोष्टीत पारा त्यांनीच ओळखला होता आणि सोनार नुसता घाबरून गेला होता. दुसरा भाग खराच असल्यामुळे मी पहिल्यालाही हरकत घेतली नाही. नवरी वाकून नमस्कार करायला आली तेव्हा हात जवळून दिसला. खालची बाजू खरबरीत आहे हे फक्त आम्हा चार-सहा जणांना माहीत. वरून अंगठी उन्हात अशी चमकत होती, की मी माझंच काम पुन्हा एकदा कौतुकानं पाहून घेतलं.

घरी आलो. अंगावरचे कपडेही बदलले नाहीत, आधी देवघरातून ती डबी काढली. झाकण घट्ट बसलं होतं. आत चण्याएवढा तुकडा, जसा ठेवला तसा. मी मंदाला म्हणालो, फार वर्षं राहिलं. लग्नसराईची गर्दी ओसरली की घडवतो. साधीच, नक्षी नको. बावीसच ठेवतो, का तुला अठरा बरं वाटतं?

मंदानं तुकडा माझ्या तळहातावरून उचलला, परत डबीत टाकला आणि झाकण लावलं.

"हे राहू द्या इथंच," ती म्हणाली. "तुमच्यासाठी प्लॅटिनमची आना. तुमच्या भट्टीत ते वितळत नाई, असं त्या पोरीले तुमीच सांगून राहिले होते ना."